पिशवीवर 'कॉस्टिक सोडा' लिहिलंय, पण आत किती आहे?

गेल्या ऑगस्टमध्ये मावशीचा फोन आला. ती कोकणात असते आणि तिच्या बचत गटातल्या सहा-सात जणी मिळून घरगुती साबण करतात. "तू केमिस्ट्रीत पीएचडी करतेस ना? मग सांग, आमच्या साबणाला घाम का सुटतोय?" असा थेट प्रश्न. जानेवारीत केलेल्या वड्या कडक, पांढऱ्या, छान झाल्या होत्या. तीच कृती, तीच माणसं, तोच वजनकाटा. पण जुलैच्या वड्या महिना झाला तरी मऊच, हाताला तेलकट, आणि काहींवर नारिंगी ठिपके. गटानं निष्कर्षही काढून टाकला होता. तेलात भेसळ आहे. खोबरेल आणि शेंगदाणा तेल गावातल्याच एका घाण्यावरून यायचं आणि त्या घाणेवाल्या काकांकडून पुढचं तेल घ्यायचं नाही, इथपर्यंत गोष्ट आली होती.

खरं सांगायचं तर माझाही पहिला संशय तेलावरच गेला. तेलात भेसळ होते हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे ते उत्तर हाताशी तयार असतं. पण हे माझं मत होतं, मोजमाप नव्हतं. तुमच्यापैकी जे पहिल्यांदा प्रयोगशाळेत स्वतःचा प्रश्न घेऊन उभे राहणार आहेत त्यांच्यासाठी हा सगळा किस्सा जरा सविस्तर लिहितेय. साबण करणाऱ्यांनाही उपयोग होईल.

आधी कृती बघू. खोबरेल ६०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १५६ ग्रॅम, पाणी साधारण साडेतीनशे ग्रॅम. हे १५६ कुठून आलं, हे गटात कोणालाच माहीत नव्हतं. एका प्रशिक्षणात मिळालेल्या कागदावर तसं छापलं होतं. आणि आपल्याही लॅबमध्ये असंच असतं की! सीनियरच्या वहीत आहे म्हणून आपण तेवढं घालतो.

तेल म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत मुख्यतः ट्रायग्लिसराईड. एका ग्लिसरॉलला तीन फॅटी ॲसिडच्या साखळ्या जोडलेल्या. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साईड त्या तिन्ही साखळ्या सोडवतो. प्रत्येक साखळीचं सोडियम मीठ होतं, तोच साबण, आणि ग्लिसरीन मोकळं होतं. एका रेणूला अल्कलीचे तीन रेणू लागणार हे ठरलेलं. मग साखळ्या आखूड असतील तर एका ग्रॅम तेलात रेणू जास्त बसतात, म्हणून अल्कली जास्त लागतो. खोबरेलात लॉरिक ॲसिडसारख्या आखूड साखळ्या भरपूर, त्यामुळे ते सगळ्यात जास्त अल्कली खातं. शेंगदाणा तेलाच्या साखळ्या लांब, त्याला कमी पुरतो.

तेल आणि चरबीचं हे पोट उघडून दाखवलं ते मिशेल युजीन शेव्रुल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. त्याचा प्राणिज चरबीवरचा ग्रंथ १८२३ चा. पुढे १८७९ मध्ये केट्सटॉर्फरनं मोजण्याची पद्धत दिली. एक ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साईड लागतं? हीच सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, मराठीत साबणीकरण मूल्य. गंमत म्हणजे ही पद्धत साबणासाठी नव्हती, लोण्यात दुसरी चरबी मिसळली आहे का हे पकडण्यासाठी होती. म्हणजे मावशीच्या गटाचा जो संशय होता, त्यासाठीच जन्मलेलं मोजमाप.

खोबरेलाचं मूल्य साधारण २५७ धरतात, शेंगदाणा तेलाचं १९२, एरंडेलाचं १८०. आता इथे एक खड्डा आहे आणि त्यात पडून लोकांचे हात भाजले आहेत. हे आकडे पोटॅशियम हायड्रॉक्साईडचे आहेत. वडीचा साबण सोडियम हायड्रॉक्साईडनं करतात, पोटॅशियमनं मऊ किंवा द्रव साबण होतो. दोघांचं रेणुभार गुणोत्तर ५६.१ ला ४०, म्हणजे १.४०३. टेबलातला आकडा या १.४०३ नं न भागता थेट वापरला तर चाळीस टक्के अल्कली जास्त पडतो. एककाकडे बघा, मग आकड्याकडे.

हिशेब करू. ६०० गुणिले २५७, अधिक ३०० गुणिले १९२, अधिक १०० गुणिले १८०. बेरीज २२९.८ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साईड. १.४०३ नं भागलं की १६३.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साईड. एवढं घातलं तर कागदावर सगळ्या तेलाचा साबण होतो. पण सगळ्या तेलाचा साबण कोणी करत नाही. पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक ठेवतात, त्याला सुपरफॅट म्हणतात. त्वचेला बरं वाटतं हे एक, आणि मोजमापात थोडी चूक झाली तर ती तेलाच्या बाजूला पडावी, अल्कलीच्या बाजूला नाही, हे दुसरं. माझ्या मते दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. १६३.८ चे ९५ टक्के म्हणजे १५५.६. हेच ते १५६. कागद बरोबर होता.

मग साबण बिघडला कशानं? मी चार शक्यता लिहून काढल्या. तेल. कॉस्टिक. वजनकाटा. आणि पावसाळ्याची हवा, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि वडीवर खरोखरच पाण्याचे थेंब जमतात. मावशी 'घाम' म्हणाली तो हा असू शकत होता.

हवेची शक्यता मावशीनंच स्वयंपाकघरात निकाली काढली. वडी खाकी कागदावर दाबायची आणि कागद पंख्याखाली वाळवायचा. पाणी असेल तर डाग जातो, तेल असेल तर राहतो. डाग राहिला. काटा तिनं किराणा दुकानातल्या शिक्का मारलेल्या २०० ग्रॅमच्या वजनानं तपासला, तो ठीक निघाला. उरले दोघे, तेल आणि कॉस्टिक. गणपतीला ती पुण्याला आली तेव्हा घाण्यावरच्या दोन्ही तेलांच्या बाटल्या, वापरात असलेल्या कॉस्टिकचा थोडा नमुना आणि त्याच दुकानातून आणलेलं एक न उघडलेलं पाकीट घेऊन आली. हे न उघडलेलं पाकीट मी हट्टानं मागितलं होतं. तुलनेला काही नसेल तर एका आकड्यावरून काय कळणार?

गाईडना विचारून दोन संध्याकाळ लॅब वापरली.

आधी तेल. दोन ग्रॅम खोबरेल, त्यात अर्धा नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साईड २५ मिलिलिटर, तासभर रिफ्लक्स. मग फिनॉल्फ्थॅलिन घालून उरलेल्या अल्कलीचं अर्धा नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडनं टायट्रेशन. सोबत तेल न घातलेला ब्लँक, तोही तासभर रिफ्लक्स केलेला. ब्लँक करायचा कंटाळा करू नका. अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साईड ठेवल्या ठेवल्या आणि उकळतानाही बदलतं, ते ब्लँकमध्ये वजा होऊन जातं. ब्लँकला २४.८ मिलिलिटर लागले, नमुन्याला ६.५. फरक १८.३. त्याला ५६.१ नं आणि ०.५ नं गुणून दोननं भागलं की २५७. टेबलात जे आहे तेच. शेंगदाणा तेलही १९१ आलं. एरंडेल औषधांच्या दुकानातली सीलबंद बाटली होती आणि शंभरच ग्रॅम, ते मी तपासलं नाही.

म्हणजे काकांचं तेल शुद्ध आहे हे सिद्ध झालं का? नाही. शेंगदाणा तेलात पामतेल मिसळलं असतं तरी हा आकडा फारसा हलला नसता, कारण दोघांची साबणीकरण मूल्यं एकमेकांत मिसळतात. ती भेसळ पकडायला आयोडीन व्हॅल्यू लागते. शेंगदाणा तेलाची ८५ ते ९९, पामतेलाची तिच्या जवळजवळ निम्मी. खनिज तेल मिसळलं असतं तर मात्र आकडा खाली आला असता, कारण त्याचा साबण होतच नाही. तेव्हा मला एवढंच म्हणता येत होतं की हे तेल कृतीनं गृहीत धरलेला अल्कली बरोबर खातं, आणि साबण बिघडायचं कारण तेल नाही. आमच्या प्रश्नाला एवढं पुरेसं होतं. 'तेल शुद्ध आहे' असं प्रमाणपत्र मावशीला हवं होतं, ते मी दिलं नाही, आणि तिला ते आवडलं नाही.

आता कॉस्टिक. इथे एसवायला केलेलं, आणि तेव्हा निरर्थक वाटलेलं, दोन इंडिकेटरचं टायट्रेशन कामाला आलं.

कॉस्टिक सोडा हवेत उघडा राहिला की दोन गोष्टी होतात. तो हवेतलं पाणी ओढून ओला होतो, हे डोळ्यांना दिसतं. आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, म्हणजे धुण्याचा सोडा, हे दिसत नाही. धुण्याचा सोडाही अल्कलीच आहे, लिटमस निळा करतो, पण तो तेल फोडून साबण करण्याइतका तीव्र नाही. त्यामुळे नुसता मिथिल ऑरेंज वापरून एकूण अल्कली मोजला तर कार्बोनेटही त्यात मोजला जातो आणि कॉस्टिक आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग मात्र कार्बोनेटची निम्मी प्रक्रिया झाली की जातो. दोन्हीतल्या फरकावरून कार्बोनेट वेगळा काढता येतो.

चार ग्रॅम नमुना, उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात एक लिटर. पाणी उकळायचं ते त्यातला कार्बन डायऑक्साईड घालवायला. त्यातले २५ मिलिलिटर, समोर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड. नमुना शंभर टक्के शुद्ध असता तर बरोबर २५ मिलिलिटर लागले असते. फिनॉल्फ्थॅलिनला लागले २१.६. मग मिथिल ऑरेंज घालून पुढे गेले, एकूण २२.२. मधले ०.६ म्हणजे कार्बोनेटचा दुसरा अर्धा भाग. पहिला अर्धाही तेवढाच. म्हणून कॉस्टिकचे खरे २१.६ वजा ०.६, बरोबर २१.०. पंचवीसपैकी एकवीस, ८४ टक्के. कार्बोनेट सहा टक्क्यांच्या आसपास, राहिलेलं बहुतेक पाणी. न उघडलेलं पाकीट त्याच दिवशी, त्याच ॲसिडनं तपासलं. ९८ टक्के.

(हे ०.१ नॉर्मल ॲसिड बाटलीवर लिहिलंय म्हणून ०.१ धरलं नव्हतं. भट्टीत वाळवलेल्या सोडियम कार्बोनेटसमोर आधी स्टँडर्डाईझ केलं होतं. नाहीतर कॉस्टिकच्या लेबलवर अविश्वास आणि ॲसिडच्या लेबलवर विश्वास, असा विनोद झाला असता.)

मावशीला विचारलं, कॉस्टिक ठेवता कशात? पाच किलोची पिशवी, तोंड रबरानं बांधलेलं, मोरीशेजारच्या फळीवर. जानेवारीत उघडलेली, जुलैपर्यंत पुरवलेली. कोकणातला जुलै!

आता आकडे जोडा. जानेवारीत पिशवी ताजी होती. तेव्हाचा नमुना माझ्याकडे नाही, पण ती ९८ टक्के होती असं धरलं तर १५६ ग्रॅममध्ये खरा कॉस्टिक १५३. सुमारे सात टक्के तेल शिल्लक, साबण उत्तम. जुलैत त्याच १५६ ग्रॅममध्ये खरा कॉस्टिक फक्त १३१. लागणार होते १६४. म्हणजे वीस टक्के तेल, किलोमागे २०० ग्रॅम, तसंच राहिलं. त्यातलं शेंगदाणा तेल खवट होणार, नारिंगी ठिपके येणार. नुसत्या खोबरेलाचा साबण काही जण मुद्दाम वीस टक्के सुपरफॅटनं करतात आणि तो कडकच होतो, पण या मिश्रणाला ते झेपत नाही.

इथपर्यंतचं नुकसान तेलकट वड्यांचं. पण फोनवर बोलताना एक गोष्ट कळली आणि माझ्या पोटात गोळा आला. गटातल्या एकीनं अनुभवावरून उपाय काढला होता, साबण मऊ होतोय ना, मग कॉस्टिक तीस ग्रॅम वाढवा. १८६ ग्रॅम. त्यांनी एक घाणा तसा करूनही पाहिला आणि तो छान झाला, कारण ८४ टक्क्यांच्या कॉस्टिकला १८६ हा अगदी बरोबर आकडा आहे. वहीत १५६ खोडून १८६ लिहिलं गेलं. आणि जुनी पिशवी संपत आली होती. पुढचा घाणा नव्या, ९८ टक्क्यांच्या पाकिटातून होणार होता. १८६ चे ९८ टक्के म्हणजे १८२. लागणार १६४. शिल्लक अठरा ग्रॅम मोकळा कॉस्टिक, पंधरा वड्यांत. वडीमागे ग्रॅमभराहून जास्त. तो साबण दिसायला कडक आणि पांढराशुभ्र झाला असता. गटातल्या दोघींच्या घरी लहान मुलं आहेत आणि पहिली वडी घरातच वापरून बघतात.

म्हणून सामान घेताना काय बघायचं ते सांगते. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा तुमच्या गावातल्या केमिकलच्या दुकानात 'सोडा' मागू नका. खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा ही तीन वेगळी रसायनं आहेत आणि पहिल्या दोघांनी साबण होत नाही. नाली साफ करायची पावडर घेऊ नका, त्यात इतर पदार्थ असू शकतात. कंपनीचं सील, बॅच नंबर आणि शुद्धतेचा टक्का छापलेला असलेलं लहान पाकीट घ्या. पाच किलोची पिशवी स्वस्त पडते, पण ती सहा महिने पुरवायची असेल तर पडत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साईड ताजं असतानाही बऱ्याचदा ८५ ते ९० टक्केच असतं, ते हिशेबात धरावंच लागतं.

तेलाच्या बाबतीत 'हेअर ऑईल' आणि 'खोबरेल' यात गोंधळ करू नका. बऱ्याच केसांच्या तेलांत लिक्विड पॅराफिन असतं, घटकांची यादी बारीक अक्षरात असली तरी वाचा. लाकडी घाण्याचं की रिफाईंड, यानं अल्कलीच्या हिशेबात नगण्य फरक पडतो. कॉस्टिकला घाणा कळत नाही. वासासाठी घ्यायचं तर घ्या. जुनं, आंबूस तेल मात्र टाळा. त्यात मोकळी फॅटी ॲसिडं जास्त असतात, मिश्रण पटकन घट्ट होतं आणि साबणही लवकर खवट होतो. लवंग किंवा दालचिनीचं तेल सुगंधाला घातलंत तरी मिश्रण भांड्यातच दगड होऊ शकतं. आणि हळद घालून पिवळा साबण मिळेल असं वाटत असेल तर कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तो आठवा. करक्यूमिन अल्कलीत लाल होतं.

करताना गॉगल आणि हातमोजे. कॉस्टिक पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर नाही, नाहीतर उष्णतेनं उसळून तोंडावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं चालतं. अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा, लिंबू किंवा व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाणी आणि लगेच डॉक्टर. आणि साबण विकायचा असेल तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली परवान्याचं बघावं लागतं, ते गटाचं सध्या चालू आहे.

मावशीच्या गटानं आता एक-एक किलोची पाकिटं आणायला सुरुवात केली आहे. पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत आणि बरणीवर तारीख. उरलेला जुना कॉस्टिक मोरीच्या नळासाठी वेगळा काढला. वहीत १८६ खोडून परत १५६ लिहिलं, आणि समोर मी एक रकाना आखून दिला, पाकीट कोणतं आणि कधी उघडलं. जुलैच्या तेलकट वड्यांपैकी ठिपके नसलेल्या किसून, थोडं पाणी आणि हिशेबानं राहिलेला कॉस्टिक घालून मंद आचेवर परत शिजवल्या. अंगाला लावायच्या नाहीत, भांड्यांना वापरताहेत.

घाणेवाल्या काकांना यातलं काही माहीत नाही. मावशी म्हणाली, "त्यांना कशाला सांगायचं? आम्ही काय बोललो होतो ते त्यांच्या कानावर आलं नाही तेच बरं." दिवाळीच्या घाण्यासाठी तेल त्यांच्याकडूनच आलं. सोबत करंज तेलाची एक बाटली मला पाठवली आहे, "याचा पण तो आकडा काढून दे" म्हणून. गाईडना पुन्हा कसं विचारायचं, तेवढं ठरवायचंय.